कॅम्परव्हॅन घेऊन डोंगरात जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगरातनं फिरून आलो की ओळखीचे-अनोळखी सगळे साधारण तेच तेच विचारतात, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलंय. क्रमाने वाचायची गरज नाहीये. वेळ कमी असेल तर उतारावरच्या ब्रेकचं उत्तर तेवढं मात्र नक्की वाचा, बाकीचं मागनं वाचलं तरी चालेल.

कॅम्परव्हॅन की मोटरहोम, डोंगरासाठी काय बरं?

कॅम्परव्हॅन म्हणजे मालवाहू व्हॅनच्याच पत्र्याच्या आत बेड, ओटा, फ्रिज बसवलेली गाडी, आणि मोटरहोम म्हणजे चासीवर मागे वेगळं घरच बांधलेलं. मोठ्या व्हॅनची रुंदी आरसे सोडून साधारण २.०५ मीटर असते आणि मोटरहोम २.२ ते २.३५ पर्यंत जातं, म्हणजे फरक वीतभराचा, पण एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि समोरून बस आली की सगळा जीव त्या वीतभरातच अडकलेला असतो. त्यामुळे माझं मत विचाराल तर दोघांसाठी सहा मीटरच्या आतली व्हॅन घ्या. चारजण असाल, पाऊसपाण्यात आत बसायला जागा हवी असेल तर मोटरहोम घ्या, पण मग अगदी अरुंद घाट यादीतनं काढून टाका.

अजून एक, गाडीची खरी उंची मोजा. उंच छपराची व्हॅन २.६ ते २.८ मीटर असते, त्यावर सोलर पॅनल आणि छताची खिडकी आली की आणखी थोडी वाढते. हा आकडा, आणि त्याच्याखाली रुंदी, लांबी, वजन, असं चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. बोगद्याची कमान समोर दिसल्यावर आठवत बसायला वेळ मिळत नाही, आणि साधा मोबाईल मॅप तुम्हाला छोटी कार समजूनच रस्ता दाखवतो.

दिवसाला किती किलोमीटर धरायचे?

१५०. फार तर २००, आणि तेही सलग दोन दिवस नको.

लोकांना हे ऐकून कमी वाटतं, मग ते ३५० चा प्लॅन करतात आणि तिसऱ्या दिवशी सगळी गाडी एकमेकांवर चिडलेली असते. इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड घ्या, उंची २,७५७ मीटर, प्राटो गावाच्या बाजूने चढताना ४८ हेअरपिन म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारी वळणं, आणि अंतर बघाल तर जेमतेम २५ किलोमीटर. सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटांचं काम, पण व्हॅनने तिथे एक तास तरी धरायचा, वर समोरून येणाऱ्यांना वाट देणं, फोटोला थांबणं, मागे साठलेल्या गाड्या सोडणं हे वेगळंच. मी डोंगरात सरासरी ताशी ४० धरून हिशोब करतो आणि मुक्कामाच्या जागी उजेड जायच्या दोन तास आधी पोचायचं असा नियम ठेवलाय, कारण अंधारात जागा शोधताना माणूस कुठेही गाडी लावतो.

चढावर गाडीचा दम जातो, तापमानाचा काटा वर चढतो, ते बिघाडाचं लक्षण आहे का?

बहुतेक वेळा नाही. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला अंदाजे १० टक्के कमी होते. टर्बो असेल तर एवढं जाणवत नाही, पण गाडी तीन-साडेतीन टनाची आहे हे विसरू नका. वरच्या गिअरमध्ये रेटत बसण्यापेक्षा लवकर खालचा गिअर टाका, इंजिन थोडं ओरडलं तरी चालेल. काटा चढायला लागला तर आधी एसी बंद करा, तरी उतरत नसेल तर केबिनचा हीटर फुल करा, उकडेल, पण इंजिनातली उष्णता तेवढी बाहेर निघते. त्यानेही जमलं नाही तर बाजूला थांबा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि थेट तोंडावर येतं.

उतारावर ब्रेक फेल होतात म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

चढ अवघड आणि उतार सोपा असं आपल्याला वाटतं कारण चढावर गाडी आवाज करते. उतारावर ती गुपचूप असते. साडेतीन हजार किलोची गाडी १,००० मीटर खाली आणायची म्हणजे साधारण साडेनऊ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी घालवायची असते. तेवढ्यात १०० लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता तुम्ही फक्त पायाखालच्या पेडलने घालवायला गेलात तर ती चार चाकांच्या डिस्कमध्ये जाते, आणि ते लोखंड तरी किती घेणार. आधी पॅड तापून त्यांची पकड कमी होते. मग ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात पण जोर पुढे पोचत नाही, म्हणून पेडल थेट तळाला जातं. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं आणि ओलं झालं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि ट्रिपच्या आधी तर मी हे विचारतोच, भाड्याची गाडी असली तरी विचारतो.

माझ्यावर एकदा ही वेळ आलीये. पहिलीच मोठी ट्रिप, खिंड ओलांडून खाली येत होतो, दरी इतकी सुंदर दिसत होती की गाडी चौथ्यात ठेवून पाय ब्रेकवर हलका टेकवून निवांत येत होतो, आणि दहा-बारा वळणांनंतर करपल्यासारखा वास आला. मला वाटलं बाहेर कुणाच्या तरी गाडीचा असेल. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं, मऊ, उशीवर पाय दिल्यासारखं. तिसरा टाकला, मग दुसरा, गाडी एकदम खेचल्यासारखी हळू झाली आणि पहिल्या मोकळ्या जागेत थांबलो. पुढच्या चाकातनं बारीक धूर येत होता, हात जवळ नेला तर वीतभर लांबूनच धग लागत होती. पाऊण तास तिथेच बसलो. बायको काहीच बोलली नाही, नुसती पोरांना घेऊन रस्त्याच्या आतल्या बाजूला दगडावर जाऊन बसली, ते मला अजून आठवतं.

तर करायचं काय: उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, उतारात शिरल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि नव्या गाड्या चढावर सहज वरच्या गिअरमध्ये जातात म्हणून वाटलं तर आणखी एक खाली. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल तर घाबरू नका, गाडी इंजिनानेच धरून ठेवायचीये. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड वापरा. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका, वेग वाढला की एकदा नीट जोर देऊन दाबा, वेग खाली आणा आणि पाय पूर्ण उचला, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायचा विचारही नको. आणि वास आलाच तर थांबा, तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका कारण डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते, हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून टायरखाली ठोकळे लावा आणि थांबा.

अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर मागे कोणी घ्यायचं?

बहुतेक ठिकाणी चढणाऱ्याला आधी वाट देतात, पण ज्याच्या मागे मोकळी जागा जवळ आहे त्याने मागे जाणं हे व्यवहारात जास्त चालतं. मोठ्या बससमोर हट्ट करू नका. स्वित्झर्लंडमध्ये पोस्टाच्या पिवळ्या बसचा तीन सुरांचा हॉर्न असतो, तो ऐकू आला की तुम्ही वळणाच्या आधीच थांबायचं असतं आणि त्या डोंगरी पोस्ट रस्त्यांवर बसचा ड्रायव्हर सांगेल तसं वागणं बंधनकारक आहे.

हेअरपिनला एक गोष्ट नवीन माणूस हमखास चुकतो. गाडीचं मागचं टोक चाकांच्या बरंच मागे असतं, त्यामुळे तुम्ही आत वळता तेव्हा ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि मागचं चाक मात्र आतला कोपरा कापतं. म्हणून वळणात रुंद शिरायचं, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची आणि दोन्ही आरसे बघत हळू फिरवायचं. मागे तीन-चार गाड्या साठल्या तर पुढच्या जागेत बाजूला घ्या. त्यांना रोजच्या कामाला जायचंय, आपण फिरायला आलोय.

रात्री कुठेही थांबलं तर चालतं का?

नाही. देशागणिक नियम वेगळे आहेत आणि इथे ऐकीव माहितीवर जाऊ नका. स्कॉटलंडमध्ये मोकळ्या जमिनीवर फिरायचा, तंबू लावायचा हक्क आहे पण तो मोटार गाडीला लागू नाही. नॉर्वेतही तसंच, मोकळ्या निसर्गात जायचा हक्क माणसाला आहे, गाडीला नाही. न्यूझीलंडमध्ये बऱ्याच जागांवर रात्र काढायला गाडीत स्वतःचं टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी असल्याचं सर्टिफिकेट लागतं. शिवाय अनेक ठिकाणी गाडी लावून आत झोपणं एक आणि बाहेर खुर्च्या-छत काढून बसणं दुसरं, दुसरं केलं की ते कॅम्पिंग धरतात.

नियमाने चालणारी जागाही डोंगराच्या दृष्टीने चालणारी असेलच असं नाही. कड्याच्या पायथ्याशी नव्याने फुटलेले, कडा धारदार असलेले दगड पडलेले दिसले तर तिथे दरड येते. कोरड्या नदीपात्रातली सपाट वाळू फार मोहात पाडते, पण पाऊस वर कुठेतरी पडतो आणि पाणी इथे येतं, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही. वाळलेल्या फांदीखाली नको. न्यूझीलंडच्या मिलफर्ड रस्त्यावर हिमस्खलनाच्या पट्ट्यांत थांबायलाच मनाई करणाऱ्या पाट्या असतात, अशी पाटी दिसली की फोटोपुरतंही थांबू नका. गाडीचं तोंड बाहेर जायच्या दिशेला ठेवा आणि झोपताना डोकं चढाच्या बाजूला येईल असं बघा, नाहीतर सकाळी डोकं जड होऊन उठाल.

थंडीत गॅस पेटत नाही, हीटर धूर सोडतो, असं का?

दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे पायथ्याला १५ असेल तर २,५०० मीटर वर पहाटे गोठणबिंदूच्या आसपासच धरा. सिलिंडरमधल्या गॅसपैकी ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायूच होत नाही, सिलिंडर हलवला तर आत डुचमळतोय पण शेगडीला ज्योत नाही असा प्रकार होतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. थंडीला प्रोपेनच भरा किंवा प्रोपेन जास्त असलेलं मिश्रण घ्या.

डिझेल हीटर छान असतात, दोन किलोवॅटचा तासाला पाव लिटरच्या आतच पितो, पण १,५०० मीटरच्या वर हवा विरळ झाली की डिझेल नीट जळत नाही आणि आत काजळी धरते, म्हणून त्यात उंचीची सेटिंग आहे का ते बघून घ्या. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपू नका, कोळशाची तर आतही आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. त्याचा अलार्म छोटासा असतो, गाडीत नसेल तर स्वतःचा विकत घेऊन जा, आणि बेडच्या उंचीला लावा.

सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, गळती आहे का?

गळती नाही, तुमचाच श्वास आहे. दोन माणसांच्या श्वासा-घामातनं रात्रीत अर्धा लिटरच्या आसपास पाणी निघतं, आणि एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन आत येतं, म्हणजे आत स्वयंपाक केला की भर पडतेच. छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवून झोपा, थंडी असली तरी. ओले कपडे आत वाळत घालू नका. आणि गादी उचलून खाली हात फिरवा, तिथेच बुरशी धरते.

बॅटरी किती दिवस पुरते?

१०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-अवर, पण साध्या लेड-अॅसिडची निम्मीच वापरायची, लिथियमची जवळजवळ सगळी. कंप्रेसरचा फ्रिज दिवसाला ३०-४० अँपिअर-अवर खातो, दिवे-फोन मिळून थोडं. म्हणजे लेड-अॅसिडवर एका दिवसाच्या आसपास, लिथियमवर दोन. सोलरवर फार विसंबू नका, खोल दरीत सूर्य डोंगराआडून दहाला उगवतो आणि तीनला मावळतो. लिथियम शून्याखाली चार्ज करू नये, म्हणून ती गाडीच्या आत, उबेत असलेली बरी. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर गाडी सपाट लावल्याशिवाय तो नीट थंड करत नाही.

टॉयलेट आणि सांडपाण्याचं काय?

कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची काढता येणारी टाकी, १७ ते २० लिटरची असते, दोघांना दोन-तीन दिवस जाते. रिकामी करायची ती ठरवून दिलेल्या जागीच. भांड्यांचं साबणाचं पाणीसुद्धा ओढ्याकाठी सोडायचं नाही, तो ओढा खाली कुणाच्या तरी पिण्यात जातो, आणि वर थंडीमुळे घाण कुजायलाही खूप वेळ लागतो. मला या बाबतीत खरंच राग येतो, कारण एका सुंदर तळ्याकाठी झुडपामागे जाऊन बघितलं तर सगळीकडे कागद पडलेले होते, आणि पुढच्या वर्षी तिथे गाड्यांना बंदीची पाटी लागलेली. बरोबरच होती.

उंचीचा त्रास गाडीतही होतो?

गाडीत जास्तच सहज होतो, कारण चालत जाणारा चार दिवसांत जेवढा चढतो तेवढं आपण एका दुपारी चढतो. २,५०० मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. ३,००० च्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहा. दिवसा वरची खिंड बघून रात्री खाली झोपायला या, चाकं असल्याचा हाच फायदा आहे. तोल जायला लागला, बोलणं तुटक झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली उतरा. त्रास होत असलेल्या माणसाला गाडी चालवायला देऊ नका.

३,००० मीटरला पाणी ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे काहीही शिजायला जास्त वेळ लागतो. प्रेशर कुकर न्या, गॅस वाचतो.

मुलांना गाडी लागते, मागच्या बेडवर झोपवलं तर?

चालत्या गाडीत बेडवर कुणीही नाही, बेल्ट असलेल्या सीटवरच. आणि मागच्या चाकांच्याही मागे झोपल्यावर जास्तच गरगरतं. पुढे तोंड असलेली सीट, लांब बघायला लावायचं, मोबाईल बंद, दर अर्ध्या तासाने खाली उतरवायचं.

भाड्याने घेताना काय तपासू?

सगळं चालवून बघा. हीटर, पंप, फ्रिज, शेगडी, प्रत्येक दिवा. छताचा आणि गाडीखालचा व्हिडिओ काढा, कारण विम्यात बऱ्याचदा नेमकं छत, खालचा भाग आणि कच्चा रस्ता वगळलेला असतो. मला एकदा मिळालेल्या गाडीत स्टेपनी नव्हती, नुसता पंक्चरचा फेस होता, आणि ते कळलं ते टायरची बाजू दगडाने चिरल्यावर, जिथे फेसाचा काही उपयोग नसतो. सहा तास टोइंगची गाडी येण्याची वाट बघितली. तेव्हापासून मी चावी घ्यायच्या आधी मागे जाऊन स्टेपनी, जॅक, पाना आणि ठोकळे हाताने उचलून बघतो.

पहिल्यांदाच जातोय, पहिली रात्र कुठे काढू?

गाडी घेतली तिथनं तासाभराच्या आत, सपाटीवर, वीज-पाणी असलेल्या साइटवर. संध्याकाळी सगळं एकदा करून बघा, बेड उघडा, पाणी भरा, कॅसेट काढून परत बसवा, जिथे चुकेल तिथे विचारायला माणसं असतात. दुसऱ्या दिवशी निघताना कपाटांची सगळी कुलपं दाबून बघा, मगच पहिल्या वळणाला जा. आणि दुसऱ्या रात्रीपासून जमलं तर दार पश्चिमेकडच्या शिखराकडे करून गाडी लावा. पहाटे समोरच्या शिखराचा फक्त टोकाचा भाग आधी गुलाबी होतो, मग ते ऊन हळूहळू कड्यावरून खाली उतरत येतं, तुमच्यापर्यंत पोचायला चांगला तास लागतो, तोवर पांघरूण गुंडाळून दारात बसता येतं.